मूठभर राखेचा हिशेब

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चच्या मागील अंगणात झावळ्या जाळण्याचे काम चालते. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या आणि वर्षभर घराघरांतील क्रुसामागे खोचून ठेवलेल्या या झावळ्या लोक आठवणीने आणून देतात. दोन हारे भरतील इतक्या त्या जमतात. लोखंडी घमेल्यात त्या थोड्याथोड्या करून जाळल्या जातात आणि शेवटी उरते ती मूठ-दीड मूठ राख. तीच चाळून दुसऱ्या दिवशी भाविकांच्या कपाळी लावायची.

काही वर्षांपूर्वी वेदीसेवकांपैकी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा तेथे उभा होता. रिकाम्या हाऱ्यांकडे आणि घमेल्याकडे आळीपाळीने पाहत त्याने विचारले, “फादर, एवढीच राख? मग बाकीचं कुठे गेलं?” “अरे, धूर होऊन गेलं,” आम्ही म्हणालो. “आणि धूर कुठे गेला?” या त्याच्या पुढच्या प्रश्नावर, उशीर झाला आहे असे सांगून आम्ही त्याला घरी पाठवले. उशीर झाला होता हे खरेच. परंतु सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासात इतकी वर्षे घालवूनही त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते, हे त्याहून खरे.

त्या उत्तराच्या शोधात आम्ही जे वाचले, त्याचा हा वृत्तान्त आहे. वाचताना दोन गोष्टींचे आम्हांला नवल वाटले. पहिली ही की, हा प्रश्न सुटायला युरोपातील विद्वानांना जवळजवळ अडीचशे वर्षे लागली आणि तो सोडवू पाहणाऱ्यांत धर्मगुरूंची संख्या लक्षात येण्याजोगी होती. दुसरी ही की, त्यांतील प्रत्येकाची चूक एकाच जातीची होती. हिशेब मांडताना न दिसणारा एक धनको किंवा ऋणको त्यांच्या वहीतून सुटून गेला होता.

विलोची कुंडी

ब्रुसेल्सचा यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट (१५८०-१६४४) हा वैद्य आणि रसायनज्ञ श्रद्धावान कॅथलिक होता. झाडाचे शरीर कशाचे बनते, हे त्याला तराजूने ठरवायचे होते. त्याने एका मोठ्या कुंडीत भट्टीत सुकवलेली २०० पौंड माती भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातले, रोप लावले. बाहेरची धूळ पडून वजनात फसगत होऊ नये म्हणून कुंडीवर कल्हई केलेले, भोके पाडलेले लोखंडी झाकण बसवले. पाच वर्षे झाडाला पावसाचे आणि गरजेप्रमाणे ऊर्ध्वपातित पाणी तेवढे घातले. पाच वर्षांनंतर झाड भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा सुकवून तोलली तर ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. तेव्हा १६४ पौंड लाकूड, साल आणि मुळे ही केवळ पाण्यापासून झाली, असा निष्कर्ष त्याने काढला.

निष्कर्ष चुकीचा होता, तरी प्रयोग मोठा होता. झाड माती खाऊन वाढते ही शतकानुशतकांची समजूत त्याने तराजूत घालून मोडली. परंतु याच व्हान हेल्मॉन्टने आणखी एक वजन केले होते. ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला असता केवळ १ पौंड राख उरते. उरलेले ६१ पौंड एका न दिसणाऱ्या, भांड्यात कोंडता न येणाऱ्या द्रव्याच्या रूपाने निघून जातात, असे त्याने लिहून ठेवले. त्या द्रव्याला त्याने ‘गॅस’ असे नाव दिले. आज आपल्या स्वयंपाकघरात दररोज उच्चारला जाणारा हा शब्द त्याने घडवलेला आहे.

म्हणजे एका हातात हवेतून वाढणारे झाड आणि दुसऱ्या हातात झाडातून हवेत जाणारा वायू, अशी दोन्ही टोके या एकाच माणसाच्या हाती होती. ती जुळवण्याचे मात्र त्याला सुचले नाही. त्याने धुळीपासून कुंडीचे रक्षण केले. हवा वहीत मांडायची राहून गेली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जखमांवरील चुंबकीय उपचारासंबंधी १६२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तिकेमुळे धर्माधिकाऱ्यांचा त्याच्यावर रोष झाला. १६३४ साली त्याला अटक झाली आणि पुढे सुमारे दोन वर्षे तो स्वतःच्याच घरात स्थानबद्ध राहिला. खटला विलोच्या झाडावरून नव्हता, हे खरे. परंतु ज्या माणसाने निरीक्षण करायचे आणि लिहायचे त्याच्या मनात धाक बसला, की किती निरीक्षणे अंगणातच राहून जातात, याचा हिशेब कोणी मांडायचा? विलोच्या झाडाची हकीकत त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६४८ साली, त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली.

बागेतले धर्मगुरू

पुढचे पाऊल टाकले ते इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावच्या धर्मगुरूने. अँग्लिकन पंथाचे स्टीफन हेल्स १७०९ पासून १७६१ साली मृत्यू येईपर्यंत त्याच एका गावात राहिले. प्रार्थना, प्रवचने, लग्ने, दफने हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात ते सूर्यफुलाच्या कुंड्या तोलत आणि पाने किती पाणी हवेत सोडतात ते मोजत. १७२७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सुचवले की, वनस्पती आपल्या पोषणाचा काही भाग पानांवाटे हवेतून घेत असाव्यात. ‘असाव्यात’ एवढेच, पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. तरी हवेचे खाते उघडले गेले.

ऑगस्ट १७७१ मध्ये लीड्स येथील जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझेपर्यंत वापरलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. प्रीस्टलीही धर्मोपदेशकच, परंतु प्रस्थापित चर्चबाहेरचे. ज्वलनाने आणि श्वासाने बिघडलेली हवा वनस्पती सुधारतात, हे त्यांनी जगाला दाखवले. त्यांचे नशीब मात्र सुधारले नाही. १७९१ साली बर्मिंगहॅम येथे जमावाने त्यांचे घर आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली आणि तीन वर्षांनी ते अमेरिकेला निघून गेले.

प्रीस्टलींचा प्रयोग कधी साधे, कधी फसे. असे का व्हावे, याचे उत्तर ब्रेडा येथील कॅथलिक कुटुंबात जन्मलेले वैद्य यान इंगेनहौझ यांनी दिले. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. हवा शुद्ध करतात ते वनस्पतींचे हिरवे भाग, आणि तेही उजेडातच. अंधारात वनस्पतीही आपल्यासारखीच हवा बिघडवते, असे त्यांना आढळले. सुटलेले खाते यावेळी प्रकाशाचे होते. जिनिव्हाचे पाळक झां सेनेबिए यांनी १७८२ मध्ये दाखवले की, या कामासाठी पानांना कर्बवायू, म्हणजे ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो, लागतो. आणि १८०४ साली जिनिव्हाच्याच निकोला-थेओदोर द सोस्यूर यांनी पुन्हा तराजू हाती घेतला. वनस्पतीतील कर्ब हवेतून येतो आणि तिच्या वजनात पाण्याचाही वाटा असतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केले. व्हान हेल्मॉन्टचे पाणी अगदीच खोटे नव्हते. ते अर्धेच खरे होते.

कर्बाचे चक्र ते हेच. हवेतील कर्बवायू पानात शिरतो आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची साखर होते. साखरेचे लाकूड, धान्य, फळ होते. ते आपण खातो, गुरे खातात, मातीतील किडे आणि जिवाणू खातात आणि श्वासावाटे तो पुन्हा हवेत जातो. जाळले तर काही मिनिटांत जातो, कुजले तर काही महिन्यांत किंवा वर्षांत, आणि गाडला जाऊन दगडी कोळसा झाला तर कोट्यवधी वर्षे अडकून राहतो. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा वाटा कर्बाचा असतो. आमच्या झावळ्यांतील तो वाटा हवेत गेला. घमेल्यात उरले ते चुना, पालाश आणि वाळूच्या जातीचे क्षार, म्हणजे व्हान हेल्मॉन्टच्या मातीतून हरवलेले ते दोन औंस.

मातीतले न मोजलेले

परंतु झावळीतून आणखी एक द्रव्य निघून गेले होते, आणि त्याचा शोध अधिक अवघड ठरला. ते म्हणजे नत्र, नायट्रोजन. मांस, दूध, डाळ, रक्त यांपैकी काहीही नत्रावाचून बनत नाही. आपल्या भोवतीच्या हवेत तो ७८ टक्के आहे. तथापि त्याचे अणू जोडीजोडीने इतके घट्ट बांधलेले असतात की वनस्पतींना तो जसाच्या तसा घेता येत नाही. श्वासाला निरुपयोगी म्हणून लाव्हाझिएने त्याला ‘निर्जीव’ या अर्थाचे नाव दिले होते. सगळ्या सजीवांना लागणाऱ्या द्रव्याचे नाव निर्जीव!

आल्सास प्रांतातील बेशेलब्रॉन येथे झां-बाप्टिस्ट बुसँगो या फ्रेंच रसायनज्ञाची शेती होती. शेतात किती नत्र गेला आणि पिकातून किती बाहेर आला, याचा जमाखर्च त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. १८३८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, गहू व ओट यांच्यात नत्राची वाढ होत नाही. परंतु क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यात होते. शेतकऱ्याला यात नवे काही नव्हते. कडधान्यानंतर जमीन सुधारते, हे प्राचीन रोमन शेतीलेखकांनी लिहून ठेवले आहे, आणि भातकापणीनंतर त्याच खाचरात वाल पेरणाऱ्या आपल्या कोकणातील शेतकऱ्यालाही ते कोणी शिकवावे लागले नाही. प्रश्न होता, हा नत्र येतो कोठून?

१८५७-५८ मध्ये इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी याचा कायमचा निकाल लावायचे ठरवले. बाहेरचा कणभरही नत्र शिरू नये म्हणून त्यांनी माती तापवून घेतली, रोपे काचेखाली झाकली, आत येणारी हवादेखील धुऊन घेतली. इतका काटेकोर प्रयोग त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. निकाल असा लागला की, कडधान्येही हवेतील नत्र घेत नाहीत. स्वतः बुसँगो यांनीही पुढे अशाच बंदिस्त प्रयोगांनंतर आपले पहिले मत मागे घेतले. पुढची जवळजवळ तीस वर्षे विद्वानांचे मत एक आणि शेताचा अनुभव दुसरा, अशी स्थिती राहिली.

१८८६ साली हेरमान हेलरीगल या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या परिषदेत हे कोडे उलगडले. आपला सहकारी विल्फार्ट याच्यासह त्याने नत्ररहित वाळूत वाटाणा लावला होता. काही कुंड्यांतील रोपे उपाशी मेली, तर शेजारच्या कुंड्यांतील जोमाने वाढली. जोमदार रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, मेलेल्यांच्या नव्हत्या. शेतातील मातीचे थोडे निथळलेले पाणी घातले की गाठी येत. तेच पाणी उकळून घातले की येत नसत. त्या गाठींत जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते आणि ते झाडाला हवेतील नत्र पचवून देतात. १८८८ मध्ये हॉलंडच्या बाइयेरिंक याने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

रॉदमस्टेडची चूक आता ध्यानात येते. त्यांनी माती तापवली तेव्हा ज्यांना शोधायचे होते तेच मेले. त्यांच्या सचोटीत कमतरता नव्हती. परंतु मातीत कोणी राहत असेल, हेच त्यांच्या मनात आले नव्हते. शुद्धतेच्या आग्रहापायी सत्यच जाळले जावे, हा प्रसंग आम्हां धर्मगुरूंना विचार करायला लावणारा आहे.

याच सुमारास चक्राचे उरलेले दुवेही सापडले. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गटाराचे पाणी वाळू आणि चुनखडीच्या थरांतून हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्म घालताच ते थांबले. मातीचे थोडे पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाले. तेव्हा हे कामही जिवंतांचेच होते. त्या जिवाणूंना विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली वेगळे केले. आणि नायट्रेट पुन्हा मोकळा नत्र बनवून हवेत सोडणारे जिवाणूही १८८० च्या दशकात बोर्दो येथे ओळखले गेले. हवेतून मातीत, मातीतून रोपात, रोपातून प्राण्यात, शेणामुतातून व मृत देहातून पुन्हा मातीत आणि तेथून हवेत असे नत्राचे चक्र पूर्ण झाले.

बेटांवरून कारखान्याकडे

दुर्दैवाने, चक्र समजण्यापूर्वीच माणसाने ते तोडायला आरंभ केला होता. युरोपातील शहरे वाढली. शेतातील नत्र धान्यरूपाने शहरात जाई आणि गटारावाटे समुद्रात पोहोचे. शेतात परत काही येत नसे. हा खड्डा भरण्यासाठी १८४० नंतर पेरूच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांवरची समुद्रपक्ष्यांची विष्ठा, ग्वानो, खणून जहाजांनी नेऊ लागले. हजारो वर्षांत साचलेले तिचे थर कित्येक मीटर उंच होते. फसवून आणलेल्या चिनी मजुरांनी अमानुष परिस्थितीत ती खणली. चाळीस वर्षांच्या आत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो निघून गेला आणि बेटे उघडी पडली. मग पाळी आली आताकामा वाळवंटातील सोरामिठाची. त्याच्या मालकीवरून १८७९ साली चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध जुंपले.

१८९८ साली ब्रिस्टल येथे सर विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला की, सोरामीठ संपेल तेव्हा गहू खाणारी राष्ट्रे उपाशी राहतील. तेव्हा हवेतील नत्र बांधण्याची विद्या रसायनज्ञांनीच शोधली पाहिजे. ती १९०९ साली फ्रित्झ हाबर यांना साधली. सुमारे २०० वातावरणांचा दाब आणि ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता देऊन त्यांनी नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया केला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे पहिला कारखाना उभा राहिला. वर्षभरात महायुद्ध पेटले, आणि भाकरीसाठी शोधलेल्या अमोनियापासून स्फोटके बनू लागली. खुद्द हाबर यांनी २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीनच्या विषारी वायूचा हल्ला घडवून आणला. पुढे त्यांना अमोनियासाठी १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि जन्माने यहुदी म्हणून १९३३ साली त्यांनाच आपला देश सोडावा लागला.

या माणसाबद्दल काय म्हणावे, हे आम्हांला अजून नीट उमगलेले नाही. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येच्या तोंडी जाणारे अन्न हाबर-बॉश पद्धतीच्या खतावर पिकते, असे अभ्यासक सांगतात. आपल्या देशात सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये आणि मुंबईतील ट्रॉम्बेचा १९६५ मध्ये सुरू झाला. ज्या पिढीने रेशनचा लाल मिलो खाल्ला, तिने युरियाला नावे ठेवू नयेत. आम्ही त्याच पिढीच्या घरात वाढलो आणि आमच्या ताटात भात वाढला तो त्या पांढऱ्या दाण्यांनी, हे आम्ही विसरू इच्छित नाही.

परंतु या हिशेबातही खाती सुटली आहेत. अमोनियाला लागणारा हायड्रोजन मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून किंवा दगडी कोळशापासून काढतात. म्हणजे हवेतला एक नत्र खाली आणण्यासाठी भूगर्भातला कर्ब वर सोडावा लागतो. मुळावरच्या गाठीतला जिवाणू तेच काम साध्या उन्हापावसात करतो. शिवाय शेतात घातलेल्या नत्रापैकी, जगाची सरासरी घेतली तर, निम्म्याहून कमी पिकाच्या अंगी लागतो. उरलेला नायट्रेट होऊन भूजलात आणि नद्यांत उतरतो, किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. तो वायू शंभर वर्षांच्या मुदतीत कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता वाढवतो. कर्बवायूची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या पुढे गेला आहे. कोट्यवधी वर्षांची ठेव दोन-अडीच शतकांत मोडली, की ती कोठेतरी जमा होणारच.

इंदूरचा ढीग

कर्ब आणि नत्र ही दोन चक्रे खऱ्या अर्थाने एकत्र गुंफली जातात ती मातीत, आणि ती गुंफण हाताळण्याची रीत मराठी राजवटीच्या एका शहरात शास्त्रशुद्ध झाली, हे आपल्याला अभिमानाचे वाटावे. १९२४ साली होळकरांच्या इंदूरमध्ये स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यासह शेतातील काडीकचऱ्यावर काम करीत होते. आपण भारतीय शेतकऱ्याकडून शिकलो, असे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. १९३१ मध्ये दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली.

तिचे मर्म थोडक्यात असे. सुका पालापाचोळा, पेंढा, धसकटे यांत कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडा. असा पेंढा तसाच मातीत गाडला तर तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि उभे पीक पिवळे पडते. त्याच पेंढ्यात शेण, मूत्र, हिरवा पाला मिसळला आणि कर्ब-नत्राचे प्रमाण तीसास एकच्या आसपास आणले, ढीग ओलसर ठेवला, त्यात हवा खेळती राहावी म्हणून तो वेळोवेळी उलटला, की जिवाणू त्यातील बराचसा कर्ब श्वासावाटे सोडून देतात आणि नत्र आपल्या शरीरात धरून ठेवतात. तीनेक महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. ते पिकाला नत्र एकदम देत नाही. लागेल तसे, महिनोन्‌महिने पुरवते.

जाळल्यास काय होते? कर्ब जातो, आणि नत्रही जातो. राखेत पालाश आणि चुना राहतो. नत्र जवळजवळ शून्य. येथे आम्हांला आमच्याच एका अपराधाची कबुली दिली पाहिजे.

आमच्या अंगणात

आमच्या चर्चच्या आवारात आंबा, फणस, चिंच अशी जुनी झाडे आहेत. डिसेंबरपासून पानगळ सुरू होते. नाताळाच्या आधी आवार स्वच्छ दिसावे म्हणून, आणि पुढे सवयीने, दर शनिवारी पाने झाडून, ढीग करून जाळायचे, असा आमचाच आदेश होता. अनेक वर्षे तो बिनबोभाट पाळला गेला. आणि त्याच आवारातील फुलझाडे पिवळी पडतात म्हणून पावसाळ्यात आम्ही युरियाची पिशवी मागवीत असू. एका हाताने नत्र जाळायचा आणि दुसऱ्या हाताने तो विकत आणायचा, यातली विसंगती आमच्या कधी ध्यानात आली नाही. बुधवारी लोकांच्या कपाळी राख लावून परतण्याचा संदेश द्यायचा आणि शनिवारी परत जायला निघालेल्या पानांची वाट अडवायची, असे हे चालले होते.

डोळे उघडायला आणखी एक प्रसंग घडावा लागला. धर्मग्रामातील एका वाडीवाल्याने आपल्या विहिरीचे पाणी तपासून आणले. घरात तान्हे बाळ होते म्हणून सुनेने आग्रह धरला होता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. अहवालातील आकडा तिच्या वर होता. जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि मूल निळे पडू शकते. कागद हातात घेऊन तो वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आला. दुकानदाराने सांगितले त्याहून एक गोणही आपण जास्त टाकली नाही, असे तो पुन्हापुन्हा सांगत होता. मग म्हणाला, “फादर, आम्ही तर पिकाला घातलं. विहिरीत कुणी घातलं?”

घमेल्यापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाचाच हा प्रश्न होता. बाकीचे कोठे गेले?

आम्ही शेतीतज्ज्ञ नाही आणि युरिया सोडून द्या असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्याच्या घरची चूल वाडीवर चालते त्याला असा उपदेश धर्मगुरूने मेजावर बसून करू नये. परंतु थोडे थोडे आणि वेळेवर घालणे, माती तपासून घालणे, पावसाळ्याच्या तोंडी ताग पेरून तो फुलावर येताच गाडणे, वाल-चवळीची पाळी चुकू न देणे, या गोष्टी परवडण्याजोग्या आहेत. त्या वाडीत आता तागाचे दोन हंगाम झाले आहेत. विहिरीचे पाणी लगेच सुधारत नाही. खाली उतरलेले वर यायला वर्षे लागतात. बाळासाठी पाणी अजून बाहेरून येते.

चर्चच्या मागे आम्ही इंदूर पद्धतीने ढीग लावायला घेतला आहे. पहिल्या वर्षी तो साधला नाही. पाने नुसतीच रचली होती, शेण कमी पडले आणि ढीग कोरडाच राहिला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गोठ्यातून शेण आणि मंडपातील निर्माल्य फुले मिसळली, पाणी शिंपडले, तेव्हा आत हात घालवत नव्हता इतका तो तापला. त्या उष्णतेत काम करणारे आम्हांला दिसत नाहीत. रॉदमस्टेडच्या त्या सज्जनांनाही ते दिसले नव्हते. आता निदान ते आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे.

राखेच्या बुधवारसाठी झावळ्या आम्ही अजूनही जाळतो. त्या संध्याकाळी वेदीसेवक मुलांना आता घमेल्याभोवती उभे करतो आणि हाऱ्यासकट झावळ्या काट्यावर घालून वजन लिहायला लावतो. मग राखेचे वजन. मग वजाबाकी. ज्याने पहिल्यांदा विचारले होते तो मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. गेल्या वर्षी तो आला असता आम्ही त्याला उशिराने का होईना, उत्तर दिले. समोरच्या आंब्याच्या मोहराकडे बोट दाखवून म्हणालो, “अरे, त्यातलं थोडं तिकडे गेलं असेल.” त्याने काही वेळ आंब्याकडे पाहिले आणि विचारले, “आणि नत्र?”

आम्ही त्याला मागच्या ढिगाकडे घेऊन गेलो.